एसी बंद करून तोललेली काडतुसं

मामू, तुझ्या खोलीतला एसी मी गेलो तेव्हाही बंदच होता. मागच्या शुक्रवारी हुफूफला जाऊन आलो. वर्कशॉपच्या मागची ती बिनखिडकीची खोली उघडली, तर आतली हवा ओल्या घोंगडीसारखी अंगावर पडली. भिंतीला लावलेलं टेबल, टेबलावर काचेच्या पेटीत नानांचा काटा, आणि एसीचा रिमोट तू ठेवायचास तिथेच, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, वर घट्ट झाकण. "हाताशी असला की मोह होतो रे अन्या," म्हणायचास. मी डबा उघडला, रिमोट हातात घेतला आणि परत ठेवून दिला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, तू नाहीस, आणि पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला एक इसम घामाने निथळत उभा. कारण काय, तर पारडं हलेल.

तुझा चाळिसावा दिवस अजून व्हायचाय. अम्मी रत्नागिरीहून रोज फोन करते. धाकट्या भावाचं नाव घेतलं की तिचा आवाज जातो, मग ती माझ्यावर डाफरते. "लग्नात, अकीक्यात बडबड करायला तू पुढे असतोस ना? मग लिही आता त्याच्याबद्दल." आपल्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे, हे खरं. पण तुझ्या सगळ्या गोष्टी मी आजवर तुझ्यासमोर सांगितल्या. मी रंग भरायचो आणि तू कोपऱ्यातून खोडायचास. "बैल नव्हता तो, रेडा होता." "ती रडली नव्हती, शिंकली होती." आता खोडायला कोणी नाही, त्यामुळे फार जपून लिहावं लागतंय. तू असतास तर बिनधास्त थापा मारल्या असत्या.

नात्याने मामू, पण वयाने माझ्याहून सहाच वर्षांनी मोठा, म्हणून मी तुला कायम अरे-तुरेच केलं. माझ्या नानांचा, म्हणजे तुझ्या अब्बांचा, धंदा सराफांचे काटे दुरुस्त करायचा. चिपळूण, खेड, दापोली, बाजाराच्या दिवशी पेटी डोक्यावर घेऊन जायचे. त्या पेटीमागे तू आणि तुझ्यामागे मी. तुला त्यांनी काटा शिकवला. मला पहिल्याच आठवड्यात हाकललं, कारण एका सराफाच्या दुकानात, नाना अर्धी गुंज तोलत असताना, मी शिंकलो. इतकी मोठी शिंक, की सोन्याचे कण गादीवर उडाले आणि सराफ, नाना, तू, तिघेही गुडघ्यांवर ते शोधत बसलात. "हा पोरगा वखारीत कामाला लावा," नाना म्हणाले. नानांचं बोलणं खरं झालं. मी आज रास अल खैरच्या एका प्लान्टमध्ये स्टोअरकीपर आहे. नट-बोल्ट टनावर मोजतो. शिंकलं तरी चालतं.

तू मात्र इथे, अरबांच्या मुलखात, ड्रायव्हर म्हणून आलास. इकाम्यावर, इथल्या राहण्याच्या परवान्यावर, 'घरचा ड्रायव्हर' असंच लिहिलं होतं, शेवटपर्यंत. तुझा कफील, म्हणजे ज्याच्या सहीशिवाय नोकरी सोडता येत नाही तो मालक, अबू मिशाल. त्याच्या मुलींना शाळेत सोडायचं, त्याच्या आईला डॉक्टरकडे न्यायचं, शेतावरून खजूर आणायचा. हुफूफच्या बाहेर त्याची ती खजुराची बाग, बागेला उंच भिंत, भिंतीच्या आत वर्कशॉप. अबू मिशालला रायफलचा नाद. परवाने-बिरवाने सगळे चोख, हंगामात शिकार, एरवी शहराबाहेरच्या मैदानावर नेमबाजी. दुकानातली काडतुसं त्याला पसंत नव्हती. तो स्वतः भरायचा. रिकामी पितळी केस साफ करायची, मापात दाबून घ्यायची, नवी टोपी बसवायची, दारू तोलून घालायची, वर गोळी ठोकायची. त्याने त्याची पुस्तकं वाचली होती, महागडी यंत्रं आणली होती, आणि तरी त्याच्या गोळ्या निशाणावर पांगायच्या. कधी जवळ, कधी हातभर लांब. डिजिटल काटा एसीच्या झोतात नाचायचा, आणि एसी बंद केला की तापून भलतंच काही दाखवायचा.

तू त्याला चहा द्यायला गेला होतास, त्या दिवशी. तुला नको तिथे बोलायची सवय नव्हती. एकदाच बोललास आणि अडकलास. म्हणालास, "माझ्या बापाचा काटा आहे घरी. हा खोटं बोलतो, तो बोलत नाही."

पुढच्या रजेवरून परत येताना तू तो काटा मामीच्या जुन्या गोधडीत गुंडाळून आणलास. दम्माम विमानतळावर कस्टमवाल्याने बॅग उघडली, पितळी पारडी पाहिली आणि भुवया वर केल्या. "सोनं कुठाय?" तू म्हणालास, "सोनं नाही." "मग काटा कशाला?" तुला अरबीत 'दारू तोलायला' म्हणायचं होतं. बरं झालं तुला तो शब्द तेव्हा येत नव्हता, नाही तर कुठल्या दारूबद्दल बोलतोयस हे समजावण्यात तुझी उरलेली नोकरी गेली असती. शेवटी अबू मिशाल स्वतः आत आला. तुला न्यायला तो कधी विमानतळावर आला नव्हता. काट्याला न्यायला आला. पुढच्या सीटवर काटा, सीटबेल्ट लावून, आणि मागे सामानाबरोबर तू. हे तूच मला सांगितलंस, हसत हसत. मी ते पुढे चार लग्नांत सांगितलं आणि प्रत्येक वेळी तू म्हणालास, "सीटबेल्ट मी लावला होता, त्याने नाही."

तुमची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती ऑगस्टातल्या एका दुपारी. एसी बंद. दार बंद. पंखा नाही. तू आणि तुझा कफील समोरासमोर बनियनवर, हो, तोसुद्धा, त्याचा लांब झगा, तोब, खुंटीला टांगलेला, लग्नाच्या पंगतीतले वाढपी असावेत तसे घामाघूम. मी आत आलो तर दोघांनी एकदमच बोट ओठांवर ठेवलं. दारूला तुझा हात लागायचा नाही, हा त्याचा नियम, कायद्याला धरून. दारू त्याच्या हातात, छोट्या चमच्यात. तो पारड्यात कण कण सोडायचा आणि तू काट्याच्या जिभेकडे, त्या मधल्या सुईकडे, बघत बसायचास. ती मधोमध आली की म्हणायचास, "बस." अरबीतही तोच शब्द, त्यामुळे तुमचं भांडण कधी झालंच नाही. तुझं सगळं काम त्या एका शब्दात. बाकी आधीच तू आठवडाभर बसून केसेस वजनाने निवडलेल्या, गोळ्या निवडलेल्या. एका डब्यात जायचं तर सगळी एकमेकांची सख्खी भावंडं असायला हवीत. थोडी चुलत वाटली की बाजूला.

मी कोपऱ्यात नाक दाबून बसलो होतो. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "शिंक आली तर बाहेर जा. इथे सोनं नाही, पण हा माणूस सोन्याहून वाईट रागावतो."

मग आपण तिघे मैदानावर गेलो. अबू मिशालने पाच गोळ्या सोडल्या. दुर्बिणीतून बघितलं, रायफल ठेवली, निशाणापर्यंत चालत गेला, खिशातून रियालचं एक नाणं काढलं आणि कागदावर ठेवलं. पाचही भोकं नाण्याखाली झाकली गेली. त्याने तुला मिठी मारली. घामट, मोठी मिठी. आणि तिथे आलेल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं, "हा माझा अबू मीज़ान!" तराजूचा बाप. त्या दिवसापासून तुझं नाव तेच. बागेतले मजूर, किराणावाला, मशिदीतले लोक, कोणालाही तुझं खरं नाव आठवेना. तू लाजलास, पण तुला ते आवडलं होतं. खोटं बोलू नकोस. मला दिसत होतं.

तिथेच दार बंद झालं, मामू. मला तेव्हा कळलं नाही, तुलाही नाही.

अबू मिशाल वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं. मी घरी येऊन त्याला शिव्या दिल्या असत्या, तू माना डोलावल्या असत्यास. पण त्याने तुझा पगार कधी थांबवला नाही. तुझ्या लेकीच्या, शबानाच्या, लग्नाला त्याने खजुराची खोकी पाठवली, इतकी की अर्धं गाव महिनाभर खजूर खात होतं. ईदला तुला स्वतःच्या ताटात बसवायचा. फक्त 'मला कायमचं घरी जायचंय' म्हटलं की तो हसून तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा. "बादेन, अबू मीज़ान." नंतर. आधी हंगाम होऊन जाऊ दे. हंगाम झाला की रमजान. रमजान झाला की मुलींच्या परीक्षा. परीक्षा झाल्या की उन्हाळा, आणि उन्हाळ्यात कोणी एवढा मोठा निर्णय घेतं का? पुन्हा हंगाम.

मधल्या काळात इथले नियम बदलले. कंपनीतल्या आम्हा लोकांना कफीलला न विचारता नोकरी बदलता येते, जाता येतं. मोबाइलवर बटण आहे. मी तुला मोठ्या ऐटीत ते दाखवायला आलो आणि तू चष्मा नाकावर सरकवून म्हणालास, "घरच्या ड्रायव्हरचं कुठाय?" घरच्या ड्रायव्हरचं नव्हतं. शेतावरच्या माणसाचंही नव्हतं. तुझी दोन्ही कामं त्या यादीतून वगळलेली, आणि तिसरं, जे खरं काम होतं, ते कुठल्याच कागदावर नव्हतं.

"ते राहू दे," तू म्हणालास. "तुझं बटण तू दाबलंस का?"

मी विषय बदलला. अजूनही बदलतोच आहे. मला कोणी अडवलेलं नाही, मामू, आणि तरी मी इथेच आहे. जुबेलमधला भाड्याचा फ्लॅट, मुलीची शाळा, बायकोची भिशी. स्वतःला शहाणा समजून मी तुझ्या पिंजऱ्याच्या गजांबद्दल बोलायचो.

माझी मुलगी परवा मला म्हणाली, "अब्बा, पण मामूनाना छुट्टी पे तो जाते थे ना? ही कुड हॅव जस्ट नॉट कम बॅक." चौदा वर्षांच्या पोरीला जे सुचलं, ते आपल्या सगळ्या खानदानाला सुचलं होतं. दर रजेला मामी तुझी बॅग लपवायची. एकदा तर तिने पासपोर्ट तांदळाच्या डब्यात पुरला आणि तू तो काढलास, तांदूळ निवडून परत भरलेस आणि निघालास. "मी परत येतो असं त्याला बोललोय," एवढंच. मी चिडून विचारलं होतं, "आणि मामीला काय बोललायस?" तू खाडीकडच्या खिडकीशी उभा होतास. ते घर तू बांधलंस आणि प्रत्येक खोलीला दोन-दोन खिडक्या ठेवल्यास. गवंडी म्हणाला, चोर येतील. तू म्हणालास, "येऊ देत, वारा तरी येईल." त्या खिडक्यांत तू फक्त रजेपुरता उभा राहिलास. खिडकीची कडी सैल होती, ती घट्ट करत बसलास.

आणि मग आपलं शेवटचं भांडण. ते अर्धं राहिलं, म्हणून आता इथे पुरं करतो. सोयीचं आहे, तू मध्ये बोलणार नाहीस.

बागेत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसलो होतो. तू मला खजूर सोलून देत होतास, जसा मी अजून पाच वर्षांचा आहे. अबू मिशालने पुन्हा 'बादेन' म्हटलं होतं. छातीत जळजळतं म्हणालास, मी म्हटलं मसाला कमी खा. मग मी माझी अक्कल पाजळली.

"मामू, तो तुला सोडत नाही कारण गोळ्या नाण्याखाली जातात. गेल्या नाहीत तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे तू 'बस' जरा आधी म्हण. एकात आधी, एकात वेळेवर. उशिरा नको, उशिरा म्हटलंस तर रायफल त्याच्या तोंडावर फुटेल. आधी म्हण. नुसत्या पांगतील. एक डबा पांगला, दुसरा पांगला, तिसऱ्याला तो स्वतः म्हणेल, अबू मीज़ान म्हातारा झाला, जा बाबा घरी."

तू बी तोंडातून काढून हातात घेतलीस आणि मला बघत राहिलास. "आणि आधी म्हणजे किती आधी?"

"मला काय माहीत? थोडं."

"थोडं म्हणजे किती? तुझ्या स्टोअरमध्ये चालतं थोडं. इथे थोड्याचंसुद्धा माप लागेल. मापून खोटं करायचं. नानांच्या काट्यावर."

"नाना गेले, मामू. काटा बोलत नाही."

"तेच तर."

"अरे, मामी तिकडे एकटी जेवते! तुझ्या त्या खिडक्या उघडायला-लावायला माणूस ठेवलाय तिने! आणि तू इथे त्याच्या नादासाठी एसी बंद करून..."

"ओरडू नकोस. तो झोपलाय."

"बघ! बघ! त्याची झोप मोडेल म्हणून!"

मग तू हसलास. मीही हसलो, कारण ओरडताना माझ्या तोंडातली बी उडून तुझ्या चष्म्यावर बसली होती. तू चष्मा पुसलास, पुन्हा घातलास, आणि बागेच्या भिंतीकडे बघत म्हणालास, "बघतो रे."

एवढंच. बघतो. होय की नाही, ते मला कळलं नाही. गाडी चालवत जुबेलला येईपर्यंत मी तो शब्द उलटसुलट करत होतो. कारण तू आजवर मला फटकन 'नाही' म्हणायचास. 'बघतो' हे नवीन होतं.

त्यानंतरचा डबा तुम्ही दोघांनी भरला, आणि पुढच्या शुक्रवारी तू जुम्म्याला उठला नाहीस. अबू मिशालने स्वतः दार फोडलं. मला फोन त्याचाच आला, आणि त्याला बोलता येत नव्हतं, नुसता माझं नाव घेत होता. मी पोचेपर्यंत कागद तयार होते. ज्या सहीसाठी तू इतके हंगाम थांबलास, ती त्याने माझ्यासमोर एका फटक्यात केली, थरथरत, आणि सगळे शिक्के स्वतः धावत जाऊन आणले. मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला राग येत नव्हता. त्याचाच मला राग आला.

मामी फोनवर म्हणाली, "तिथेच दफन करा. माझ्यासाठी त्याला फ्रीजमध्ये ठेवू नका, त्याला गार सोसत नाही." आणि मग, "फोन चालू ठेव अन्वर. माती पडते ती ऐकू दे." मी फोन वर धरून उभा राहिलो. हुफूफची माती वाळूची, मामू. तिचा आवाज फारसा येत नाही. मामीने मला पुन्हा पुन्हा विचारलं, "पडली का? पडली का रे?"

आता मागचा शुक्रवार. अबू मिशालने बोलावलं होतं. तुझं सामान न्यायला, असं मला वाटलं. तो मला मैदानावर घेऊन गेला. गाडीत त्याच्या मांडीवर तुझा शेवटचा डबा. त्याने रायफल लावली, पाच गोळ्या सोडल्या, दुर्बीण बघितली आणि तसाच बसून राहिला. मी कागदापर्यंत गेलो. नाणं सोडच, ती भोकं ताटलीखालीसुद्धा झाकली गेली नसती. एक तर कागदाच्या कडेला. तुझ्या हातचा डबा असा पांगलेला मी कधी पाहिला नव्हता.

खरं सांगतो, मला आनंदाची उकळी फुटली. भर उन्हात, त्या रडवेल्या माणसासमोर. ऐकलंस! शेवटी ऐकलंस माझं! तू 'बस' आधी म्हणालास, मामू, तू निघायची तयारी केली होतीस! दोन डबे आणखी आणि तू खाडीकडच्या खिडकीत. मी जवळजवळ नाचलोच असतो.

अबू मिशाल कागदाकडे बघत होता. मग माझ्याकडे. "अबू मीज़ान ज़ालान मिन्नी?" माझ्यावर रुसला होता का?

तो काही दुधखुळा नाही. हा नाद त्याचा आहे, त्यालाही कळतं गोळ्या कशाने पांगतात. उरलेली काडतुसं त्याने माझ्या ओंजळीत दिली. "तू त्याच्या बहिणीचा मुलगा. तुमच्या घरचा काटा. तोलून सांग."

म्हणून मी त्या खोलीत गेलो आणि रिमोट परत डब्यात ठेवला. अबू मिशाल दाराशी, भिंतीला टेकून जमिनीवर. मी नानांच्या काट्यासमोर बसलो, वयाच्या नवव्या वर्षी हाकलल्यानंतर पहिल्यांदाच. नाकात घाम जात होता, शिंक येईल असं वाटत होतं. एका पारड्यात एक काडतूस, दुसऱ्यात दुसरं. केसेस तू निवडलेल्या, गोळ्या तू निवडलेल्या, त्यामुळे फरक पडला तर तो आतल्या दारूतच पडणार. मी हात काढला आणि श्वास धरला. जीभ हलली, डावीकडे, उजवीकडे, आणि मधोमध थांबली. दुसरी जोडी. मधोमध. तिसरी. मी आलटून पालटून सगळी ठेवली. तुझ्या पट्टीने लांबीही मोजली. तूच मला शिव्या देशील इतक्या वेळा मोजली. एकही चुलत नव्हतं, मामू. सगळी सख्खी.

तू 'बस' वेळेवरच म्हणत होतास. शेवटच्या काडतुसापर्यंत. 'बघतो' म्हणालास, आणि बघितलंस, आणि तुझ्याने झालं नाही. पांगला तो त्याचा हात. तू गेल्यापासून त्याचा हात थरथरतोय.

मला खोटं सांगता आलं असतं. किती सोपं होतं. 'हो, वेगवेगळी आहेत. रुसला होता तो. जायचं होतं त्याला.' त्यातलं शेवटचं तर खोटंही नव्हतं. आयुष्यभर थापा मारणारा मी, माझ्या हातात पहिल्यांदाच एक उपयोगी थाप होती, आणि समोर तुझा काटा, जीभ मधोमध.

"सगळी सारखी आहेत," मी म्हणालो.

त्याने तोंड ओंजळीत झाकलं आणि मोठ्याने रडायला लागला. सुटल्यासारखा. "रुसला नव्हता. बघ, रुसला नव्हता माझ्यावर. वल्ला, मला माहीत होतं." तो आपले डोळे पुसत होता आणि माझा हात दाबत होता. मी तिथे बसून विचार करत होतो की हे काय झालं. काट्याने खरं सांगितलं आणि त्यातून त्याने जे घेतलं, ते साफ चूक होतं. तू रुसला होतास. तू दर हंगामाला रुसला होतास. तुझा रुसवा कुठल्याच पारड्यात पडला नाही, इतकंच.

म्हणून मी बोललो. तू कधी नीट बोलला नाहीस ते, माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत. "त्याला घरी जायचं होतं, अबू मिशाल. हुवा यब्गा बेत. बेत. हिंदमध्ये. तिथे खिडक्या आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच कळलं नाही. नाटक नव्हतं, मामू, मी नाटकं ओळखतो, माझा धंदाच तो. त्याने ओल्या हाताने खोलीभर दाखवलं. तुझं टेबल, खुंटीवरचा तुझा शर्ट, काचेच्या पेटीतला काटा, बिनखिडकीची भिंत. मायेने दाखवलं, अगदी मायेने.

"हादा बेता," तो म्हणाला. हेच तर त्याचं घर.

मग उठला, बिस्किटांचा डबा उघडला, रिमोट काढला. "तुला गरम होतंय," म्हणाला, आणि माझ्यासाठी एसी लावला. मी अजून काट्यासमोरच बसलो होतो. गार झोत आला आणि मधोमध थांबलेली जीभ हलायला लागली.